तीन मिनिटांची परीक्षा

गोड गळ्याच्या मुलास दहा जणांनीं वाखाणिलें कीं, एखाद्या कंपनीनें आपलें गाणें ध्वनिमुद्रित करावें ही इच्छा त्याच्या मनांत मूळ धरते. ती आम्ही गैर मानीत नाहीं. परंतु ती पुरी करण्याचा जो मार्ग बहुतेक मुलें धरतात, तो आम्हांस उलटा वाटतो. कंपनीनें पत्करलें म्हणजे श्रोते मिळतील, असें तीं समजतात. वस्तुतः जेथें श्रोते अगोदरच जमलेले असतात तेथेंच कंपनी येते.

या धंद्याचा आरंभच तसा झाला. इ. स. १९०२ मध्यें गैसबर्ग नांवाचे गृहस्थ ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्यास आले व त्यांनीं गौहरजान हिचें गाणें घेतलें. मैफलींत तिचें नांव तत्पूर्वींच गाजलेलें होतें. तासभर रंगणारी चीज तिला सुमारें तीन मिनिटांत बसवावी लागली, कारण तबकडींत त्याहून अधिक मावतच नसे. शेवटीं ती स्वतःचें नांव इंग्रजींत उच्चारी. कारण तबकड्या जर्मनींत हॅनोवर येथें छापल्या जात, आणि गाणारें कोण हें तेथील कारागिरांस त्यावरूनच कळे.

आपल्या इकडील उदाहरण श्री. जी. एन. जोशी यांचें. शिक्षण कायद्याचें, पण ओढ गाण्याची. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता ते बैठकींतून गात. ती लोकांच्या ओठीं बसली, आणि मग एच. एम. व्ही. नें ती तबकडीवर घेतली. पुढें हेच जोशी त्याच कंपनीच्या नोकरींत शिरून इतरांचीं गाणीं मुद्रित करूं लागले!

हल्लीं खिशांतील फोनवरहि गाणें मुद्रित होतें व घटकाभरांत जगापुढें मांडतां येतें. तरी परीक्षा जुनीच आहे. किंबहुना अधिक कडक झाली आहे, कारण आतांचा श्रोता तीन मिनिटेंसुद्धां थांबत नाहीं. म्हणून आमचें सांगणें असें कीं, कंपनीकडे दहा गाणीं धाडूं नयेत; एकच धाडावें, पण तें आपलें असावें. लताबाईंची हुबेहूब नक्कल करणारी मुलगी स्नेहसंमेलनांत टाळ्या मिळवील. परंतु ज्या कंपनीपाशीं मूळ लताबाईच आहेत, तिला नकलेचें काय प्रयोजन? ती कंपनी कोणत्या तऱ्हेचीं गाणीं काढते, हेंहि आधीं पाहावें. भजनें काढणाऱ्याकडे लावणी पाठविणारे कांहीं थोडे नाहींत.

आतां दोन शब्द पालकांस. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं मुलाचें गाणें ‘काढण्यासाठीं’ एका मध्यस्थास बरीच रक्कम दिली. गाणें निघालें, पण ऐकलें कोणीं नाहीं, आणि करारपत्र न वाचतांच सही केल्यामुळें त्यावरील हक्कहि गेला. खरी कंपनी गाण्यावर स्वतःचा पैसा लावते. उलट पैसे मागणारापासून दूर राहावें. अठरा वर्षांखालील मुलास स्वतः करार करतां येत नाहीं, तेव्हां वाचण्याचें काम पालकांचेंच. हक्क किती वर्षांसाठीं व कोणत्या प्रदेशासाठीं दिला, हें प्रथम पाहावें. तें लिहिलेलें नसल्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें मुदत पांच वर्षांची व प्रदेश भारतापुरता धरला जातो. आमच्या त्या गृहस्थांच्या कागदावर मात्र ‘कायमचा, सर्व जगांत’ असे शब्द होते, आणि तेहि पहिल्याच पानावर.