मनगटावरचं मिग

गेल्या दिवाळीच्या बोनसात मी घड्याळ घेतलं. काळी डायल, पांढरे जाडजूड आकडे, बारावर त्रिकोण. जुन्या विमानातला एखादा मीटर काढून पट्ट्याला लावावा, असं. मर्यादित आवृत्ती, पाठीवर नंबर कोरलेला. घरी किंमत अर्धीच सांगितली, तरी आजी म्हणाली, "एवढ्यात जाळी किती आली असती रं?"

खारदांड्यात हा प्रश्न कुणी गंमत म्हणून विचारत नाही. मी गप्प बसलो.

पुढे चार महिने घड्याळ डब्यातच. मित्रांनी बजावलं होतं, ओरखडा पडला की भाव गेला, काचेवरचं प्लॅस्टिकही काढू नको. त्यात आमच्याकडे खारी हवा, म्हावऱ्याचे हात. ऑटोमॅटिक घड्याळ हातात नसलं की दीड-दोन दिवसांत थांबतं. म्हणजे पगाराहून महाग वस्तू कपाटात बंद पडलेली आणि मी वेळ बघतोय मोबाइलवर!

हा मूर्खपणा आहे, आणि तो फक्त माझा नाही. लिमिटेड एडिशन घेणारे निम्मे लोक वस्तू घेतच नाहीत, नंबर घेतात. खरं तर ही डायल अशी दिसते त्याला कारणं आहेत. काळ्यावर पांढरं एका नजरेत वाचता येतं. चकाकी नको म्हणून रंग मॅट. हातमोज्यातल्या बोटांना फिरवता यावी म्हणून चावी मोठी. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिकी घड्याळांचा व्यास ५५ मिलिमीटर असायचा, जाकिटाच्या बाहीवरून बांधायची ती. अंधारात चमकायला त्या काळच्या मीटरांवर रेडियमचा रंग लावत, त्यात रंगवणाऱ्यांचे जीव गेले. इतकी कामाची वस्तू मखमलीत ठेवायची?

आणि विमानाचं वेड आपल्याला बाहेरून आणावं लागत नाही. जुहूचा विमानतळ आमच्यापासून हाकेवर. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. आजही समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरं इथूनच उडतात.

देशी घड्याळवाल्यांनाही हे कळलंय. बंगलोर वॉच कंपनीची 'मॅक १' मालिका थेट मिग-२१ वरून घेतलीय. ते विमान १९६३ मध्ये हवाई दलात आलं, नाशिकजवळच्या ओझरला एचएएलने सहाशेहून अधिक बनवली, १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला केला तो मिगनीच. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याला निरोप दिला गेला. एवढा इतिहास मनगटावर मिरवायला कुणाला आवडणार नाही?

पण माझं एक भांडण आहे. याच विमानाला 'उडती शवपेटी' म्हणायचे. किती तरुण वैमानिक त्यात गेले. 'रंग दे बसंती' बघून आपण रडलो, ते याच रागातून. कॉकपिटमधले मीटर आपण 'व्हिंटेज' म्हणून कौतुकाने बघतो, पण कुणीतरी त्या काट्यांवर जीव ठेवून उडत होतं. जाहिरातीत वेग असतो, शौर्य असतं, अपघात नसतात. माझं म्हणणं एवढंच, असं घड्याळ घ्या, हौसेने घ्या, पण कुणी डायलबद्दल विचारलं तर तेही सांगा. नुसता नंबर सांगू नका.

मी आता रोज घालतो. होडी ओढताना मात्र काढून खिशात ठेवतो, एवढी भीती अजून आहे. परवा तरीही दोरखंड घासला आणि केसवर पहिला ओरखडा आला. बाबांनी हात धरून, डोळ्यांजवळ नेऊन बघितला. म्हणाले, "आकडे मोठे आहेत, चष्म्याशिवाय दिसतात."

आजी जाळ्यांचा हिशेब अजून करतेच.