‘अ‍ॅक्सिलरेटेड फेज’ हा शब्द गेला, धोका गेलेला नाही

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या (सीएमएल) जुन्या फायलींत आजाराचे तीन टप्पे दिसतात: क्रॉनिक, अ‍ॅक्सिलरेटेड आणि ब्लास्ट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या वर्गीकरणातून मधला टप्पा काढून टाकला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने तो ठेवला. त्यामुळे एकाच रुग्णाच्या दोन रिपोर्टांत वेगवेगळे शब्द येऊ शकतात आणि घरचे गोंधळतात.

टप्पा काढण्यामागे कारण आहे. २००१ मध्ये इमॅटिनिब आल्यापासून बहुतेकांचा आजार क्रॉनिक टप्प्यातच थोपवता येतो. आता डॉक्टर पाहतात ते धोक्याची लक्षणे कोणाच्या पेशींत आहेत हे, आणि त्यात गुणसूत्रांतले जादा बदल महत्त्वाचे.

सीएमएलची सुरुवात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीतून होते. यातून फिलाडेल्फिया गुणसूत्र तयार होते. ते जवळजवळ प्रत्येक रुग्णात असतेच, त्याने वेगळे घाबरू नये. चिंता असते त्याच्या जोडीला आणखी बिघाड दिसले तर: दुसरे फिलाडेल्फिया गुणसूत्र, ८ क्रमांकाचे एक जास्त, ७ क्रमांकाचे एक कमी, १७ किंवा ३ क्रमांकातले ठरावीक बदल. (पुरुषांत नुसते वाय गुणसूत्र नाहीसे झालेले दिसले तर ते या यादीत येत नाही.) असे बदल असलेला आजार ब्लास्ट टप्प्याकडे जाण्याची शक्यता जास्त असते.

इथे एक गैरसमज फार आढळतो. दर तीन महिन्यांची बीसीआर-एबीएल पीसीआर तपासणी फक्त त्या एका जनुकाचे प्रमाण मोजते. जादा बदल तिच्यात दिसत नाहीत. त्यासाठी बोन मॅरोची कॅरिओटायपिंग तपासणी लागते. ती वारंवार नको, पण निदानाच्या वेळी हवीच, आणि पुढे औषधाचा परिणाम होत नसेल तेव्हाही.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या एका रूपाचे पेटंट नाकारले आणि भारतात स्वस्त जेनेरिक गोळ्यांची वाट मोकळी राहिली. मग खर्च वाचवायला पहिलीच कॅरिओटायपिंग टाळणे मला चुकीची काटकसर वाटते. पुढे बदल दिसला, तर तो आधीपासून होता की नवा, हे ठरवायला जुना रिपोर्टच नसतो.

पीसीआरचा आकडा वाढला तर आधी गोळ्या चुकल्या का, ते डॉक्टरांना खरे सांगा. चुकल्या नसतील, तर म्युटेशनची तपासणी आणि कॅरिओटायपिंग कधी करायची, हे त्याच भेटीत विचारा.