विश्लेषण : एसएमएसवरचा ‘स्पॅम’ व्हॉट्सॲपवर कसा आला? त्याला आवर कसा घालायचा?

सोसायटीच्या किंवा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अचानक ‘आरटीओ ई-चलान’ नावाची फाइल येते. पाठवणारी व्यक्ती ओळखीची, त्यामुळे कोणी तरी ती उघडते. थोड्या वेळाने तीच फाइल उघडणाऱ्याच्या मोबाइलवरून त्याच्या इतर ग्रुपवर गेलेली असते. कधी चलान, कधी लग्नपत्रिका, कधी ‘घरबसल्या कमाई’. नकोशा संदेशांचा हा उपद्रव आता बँक खात्यापर्यंत पोहोचला आहे. तरीही अनेक जण असा संदेश पुसून मोकळे होतात. नेमके तिथेच चुकते.

स्पॅमने मुक्काम का हलवला?

एसएमएस आणि कॉलसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाची (ट्राय) २०१८ ची नियमावली आहे. व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्याला आपले नाव, शीर्षक आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे नियम आणखी कडक झाले. तक्रारीची मुदत ३ वरून ७ दिवस झाली, तर कंपनीला कारवाईसाठी मिळणारा वेळ ३० वरून ५ दिवसांवर आला. संदेश जाहिरातीचा, सेवेचा, व्यवहाराचा की सरकारी, हे शीर्षकाच्या शेवटी पी, एस, टी किंवा जी या अक्षराने दाखवणेही आले.

मात्र हे सारे दूरसंचार जाळ्यापुरते. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, इन्स्टाग्राम इंटरनेटवर चालतात, म्हणून ते या नियमावलीच्या कक्षेत येत नाहीत. तिथे शीर्षकाची नोंदणी नाही आणि साध्या खात्यावरून पाठवल्यास दर संदेशाचा खर्चही नाही. १९०९ वर ‘डीएनडी’ नोंदवूनही व्हॉट्सॲपवरचा मारा थांबत नाही, तो यामुळेच.

‘चलान’च्या फाइलमध्ये असते काय?

ती फाइल छायाचित्र किंवा पीडीएफ नसते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते अँड्रॉइड फोनवर बसणारे ॲप असते. ते बसवताना एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली जाते. ती दिली, की बँकेचे ओटीपी भामट्याच्या हाती जाऊ शकतात. प्ले स्टोअरबाहेरून ॲप घेताना फोन इशारा देतो, पण घाईत तो दुर्लक्षिला जातो. दंड खरोखर आहे का, हे ‘परिवहन’च्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या ‘महाट्रॅफिक’ ॲपवर वाहन क्रमांक टाकून पाहता येते. त्यासाठी कोणाचीही फाइल उघडावी लागत नाही.

संदेश कूटबद्ध असेल तर स्पॅम ओळखतात कसा?

व्हॉट्सॲपवरील संवाद २०१६ पासून ‘एंड-टू-एंड’ कूटबद्ध आहे. म्हणजे वाटेत कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. म्हणून ती मजकुराऐवजी वर्तन पाहते. नुकतेच उघडलेले खाते शेकडो अनोळखी क्रमांकांना संदेश पाठवते का, एकामागून एक ग्रुप तयार करते का, वगैरे. २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत फसवणूक केंद्रांशी निगडित ६८ लाखांहून अधिक व्हॉट्सॲप खाती बंद केल्याचे ‘मेटा’ने जाहीर केले होते.

प्रत्यक्ष मजकूर कंपनीपर्यंत पोहोचतो तो प्रामुख्याने वापरकर्त्याने ‘रिपोर्ट’ केल्यावर. तेव्हा त्या खात्याचे शेवटचे पाच संदेश तिच्याकडे जातात. पाठवणाऱ्याला मात्र हे कळत नाही. ‘ब्लॉक’ केल्याने आपला त्रास थांबतो, ‘रिपोर्ट’मुळे पुढच्याचा थांबू शकतो. नुसता संदेश पुसल्याने दोन्ही होत नाही.

कंपन्यांनी मनावर घेतले तर फरक पडतो?

पडतो, आणि याचा दाखला महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारले. देशभरातील अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याचे बंधन आले. त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. कोणाचाही मजकूर न वाचता, केवळ रचना बदलून हे साधले.

मग अडते कुठे? नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘रॉयटर्स’ने मेटाच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे वृत्त दिले, की २०२४ च्या महसुलापैकी सुमारे १० टक्के वाटा फसव्या आणि निषिद्ध वस्तूंच्या जाहिरातींतून येईल, असा कंपनीचाच अंदाज होता. हा आकडा ढोबळ आणि फुगलेला असल्याचे सांगत कंपनीने तो फेटाळला. तरी प्रश्न उरतोच : ज्यातून उत्पन्न मिळते, त्यावर कठोर कारवाई स्वतःहून किती होणार?

सरकारने काय केले?

मार्च २०२४ मध्ये ‘संचार साथी’ संकेतस्थळावर ‘चक्षू’ सुविधा सुरू झाली. तिथे संशयास्पद कॉल, एसएमएससोबत व्हॉट्सॲप संदेशाचीही माहिती देता येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने संदेशवहन ॲपना ‘सिम बाइंडिंग’चे निर्देश दिले. ज्या सिमवर खाते उघडले, ते फोनमध्ये असेल तरच ॲप चालावे, ही कल्पना. भारतीय क्रमांकावर खाते उघडून परदेशातून फसवणूक करणाऱ्यांना त्याने अडथळा येऊ शकतो. पण परदेशात सिम बदलणाऱ्या किंवा दिवसभर संगणकावर व्हॉट्सॲप वापरणाऱ्या सामान्यांची गैरसोयही होते. शिवाय दुसऱ्याच्या कागदपत्रांवर घेतलेल्या सिमचा प्रश्न यातून सुटत नाही.

आपण काय करावे?

व्हॉट्सॲपच्या ‘प्रायव्हसी’मध्ये ‘ग्रुप्स’ या पर्यायावर ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडावे. मग अनोळखी व्यक्ती आपल्याला परस्पर ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. तिथेच ‘कॉल्स’मध्ये अनोळखी कॉल गप्प करता येतात. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावावा. ग्रुप ॲडमिनने अशी फाइल दिसताच ती सर्वांसाठी डिलीट करावी आणि पाठवणाऱ्याला फोन करून सांगावे. बहुधा त्याला पत्ताच नसतो.

फाइल चुकून उघडली असेल तर फोनचे इंटरनेट लगेच बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे. पैसे गेले असतील तर १९३० वर तत्काळ तक्रार करावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले, तरच परत मिळण्याची आशा असते. अशा वेळी लाजेपोटी गप्प राहणे सर्वांत महाग पडते.