चार वॅटची मर्यादा

अमेरिकेत सी. बी. रेडिओचे दोन शौकीन एकत्र आले की एक वाद हमखास निघतो आणि तो सहसा मिटत नाही. सी. बी. म्हणजे सिटिझन्स बँड, सर्वसामान्य नागरिकासाठी राखून ठेवलेला बिनतारी संभाषणाचा पट्टा. मोटारीत किंवा घरात एक छोटा संच बसवावा, छपरावर एरिअल उभारावी आणि काही मैलांच्या टापूत कोणाशीही बोलावे. त्यासाठी परीक्षा नाही, मोर्स लिपी नाही, तांत्रिक ज्ञानाची अट नाही. कायद्याची मुख्य अट एवढीच की, साध्या ए. एम. पद्धतीच्या संचाची प्रक्षेपणशक्ती ४ वॅटपेक्षा अधिक असता कामा नये. परंतु संच आणि एरिअल यांच्यामध्ये जोडायची एक पेटी मिळते. शौकिनांच्या भाषेत तिला ‘लिनिअर’ म्हणतात. ती या ४ वॅटांचे शेकडो, क्वचित हजारो वॅट करते. वाद या पेटीवरून आहे.

एक पक्ष म्हणतो, सगळेच वापरतात, कोणाचे काय बिघडते आणि पकडायला येतो तरी कोण? दुसरा पक्ष म्हणतो, नियम तो नियम. जो मोडतो त्याचा संच जप्त झाला पाहिजे. पहिल्या पक्षाचे म्हणणे बेजबाबदार आहे हे उघडच आहे. पण दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही वाटते तितके निर्दोष नाही. कारण ज्या नियमांच्या नावाने तो आणभाक घेतो, त्यांतले कित्येक मुळातच पाळण्याजोगे नव्हते.

हा पट्टा २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. १९५८ साली फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने तो परीक्षा देऊन परवाना मिळवणाऱ्या ‘हॅम’ संदेशकांकडून काढून घेतला आणि सामान्य नागरिकांना २३ चॅनेल दिले. (हॅम मंडळी सी. बी. वाल्यांकडे अजूनही थोड्या वाकड्या नजरेने पाहतात, त्याचे एक मूळ येथे आहे.) कमिशनच्या डोळ्यांसमोर छोटा व्यावसायिक, शेतकरी, दुकानातून गाडीशी बोलणारा मालक अशी माणसे होती. म्हणून नियमही तसेच झाले. संभाषण कामापुरते आणि थोडक्यात असावे, ठराविक मिनिटांनंतर गप्प बसावे, दिलेले संकेतनाम उच्चारावे. साठीच्या दशकात तर असाही नियम झाला की, केवळ छंद किंवा विरंगुळा म्हणून हा रेडिओ वापरणे बेकायदा आहे. म्हणजे जो शौकीन म्हणून बोलायला बसला तो बसल्याबसल्याच गुन्हेगार ठरला! माणसाच्या हाती बोलण्याचे साधन द्यायचे आणि गप्पा मारू नकोस म्हणून बजावायचे, याला प्रशासन म्हणावे की भाबडेपणा?

दुसरा नियम अंतराचा. सुमारे २५० किलोमीटरपलीकडील माणसाशी बोलायचे नाही. परंतु २७ मेगाहर्ट्झच्या लहरी कमिशनला विचारून प्रवास करीत नाहीत. सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने सूर्यावरील डागांची संख्या वाढली की आयनांबर या लहरी परत पृथ्वीकडे वळवते आणि ४ वॅटचा आवाज हजार-दोन हजार मैलांवर स्पष्ट ऐकू येतो. अशा दिवशी आपल्याला हाक मारणाऱ्या अनोळखी माणसाला साधे उत्तर देणे हाही नियमभंग होता. त्याने शेजाऱ्याचे कोणते नुकसान होत होते, हे कोणी कधी पटवून दिले नाही. हा नियम अखेर २०१७ साली कमिशननेच काढून टाकला.

मग १९७३ चा तेलाचा तुटवडा आला. अरब देशांनी तेल रोखले, डिझेल दुर्मिळ आणि महाग झाले आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी साऱ्या देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लागू झाली. मैलांच्या हिशेबाने पैसे मिळवणाऱ्या ट्रकचालकाच्या पोटावरच हा पाय होता. डिझेल कोणत्या पंपावर मिळते आणि गस्तीचा पोलीस कोठे दबा धरून बसला आहे, हे एकमेकांना सांगण्यासाठी त्याने सी. बी. जवळ केला. पोलिसाला ‘स्मोकी’ हे नाव मिळाले. या चालकांवरचे ‘कॉन्व्हॉय’ हे गाणे १९७६ च्या आरंभी लोकप्रियतेत पहिल्या क्रमांकावर पोचले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीसुद्धा ‘फर्स्ट मामा’ असे टोपणनाव घेऊन या पट्ट्यावर भाषण केले. म्हणजे ज्या लाटेने हे साधन घराघरांत नेले, तिचा उगमच एका कायद्याला चुकवण्यात होता, आणि त्या लाटेला राष्ट्राध्यक्षांच्या घरातूनही दाद मिळाली. एका कायद्याबाबत अशी सवलत मनाने घेतली की दुसऱ्याबाबत संकोच उरत नाही.

परवान्याची गत पाहण्यासारखी झाली. १९७५ साली शुल्क २० डॉलरवरून ४ डॉलरवर आणले. तरी बिनपरवान्याचे असंख्य लोक बोलतच राहिले. अर्ज महिन्याला लाखोंनी येऊ लागले आणि कचेरीला ते आवरेनात. तेव्हा कमिशनने अर्जदाराला स्वतःचे तात्पुरते संकेतनाम स्वतःच बनवण्याची मुभा दिली. १९७७ च्या आरंभी चॅनेल २३ चे ४० झाले आणि शुल्क आकारणे बंद पडले. १९८३ साली तर व्यक्तिगत परवान्याची अटच गेली. आपल्याकडेही नुसता ऐकण्याचा रेडिओ बाळगायला परवाना लागे आणि त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. तोही ऐंशीच्या दशकात इतिहासजमा झाला. ज्या परवान्याने ना महसूल धड मिळतो ना शिस्त लागते, तो जाणेच बरे.

यावरून पहिला पक्ष निष्कर्ष काढतो की लोकांपुढे कायदा हरला, म्हणून उरलेला कायदाही मोडण्यासाठीच आहे. येथे मात्र त्याची गफलत होते. परवाना गेला, विरंगुळ्यावरील बंदी गेली, अंतराची अट गेली. ४ वॅटची मर्यादा राहिली. ती राहिली याला कारण आहे.

गर्दीच्या सभेत पुढच्या रांगेतला एक जण उभा राहिला की त्याला अधिक चांगले दिसते. मग मागचे उभे राहतात. अखेरीस सगळे उभे, आणि दिसते पूर्वीइतकेच. पाय मात्र दुखतात. शक्तीच्या शर्यतीत हेच होते. मोकळ्या अवकाशातसुद्धा अंतर दुप्पट गाठायला शक्ती चौपट करावी लागते आणि जमिनीलगत तर त्याहूनही बरीच अधिक. एकाने १०० वॅटची पेटी घेतली की दुसरा ५०० ची घेतो, आणि ज्याच्याकडे पेटी नाही तो चॅनेलवरून हद्दपार होतो. शिवाय पेटीने बोलणे लांब जाते, ऐकणे लांब जात नाही. म्हणून ज्याचे आपल्याला ऐकूही येत नाही अशा माणसाचे संभाषण आपण चिरडून टाकतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. अमेरिकेत ६ क्रमांकाच्या चॅनेलवर प्रचंड शक्तीच्या संचांचा असा आखाडाच जमतो. तेथे कोण काय बोलतो यापेक्षा कोणाचा आवाज दुसऱ्याला झाकतो, याला महत्त्व असते.

आणि झळ केवळ शौकिनांनाच बसते असे नाही. हलक्या बनावटीच्या पेटीतून मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट कंप्रतेच्या नको असलेल्या लहरीही बाहेर पडतात. २७ ची दुप्पट ५४; आणि अमेरिकेतील दूरचित्रवाणीचा २ क्रमांकाचा चॅनेल नेमका ५४ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. सत्तरीच्या दशकात शेजारच्या घरात रात्रीचा कार्यक्रम पाहणाऱ्या कुटुंबाच्या पडद्यावर म्हणूनच आडव्या रेघा नाचत. ‘कोणाचे काय बिघडते’ या प्रश्नाचे उत्तर भिंतीपलीकडे होते.

अर्थशास्त्रात या प्रश्नाला दोन प्रसिद्ध उत्तरे आहेत. रोनाल्ड कोस यांनी १९५९ साली असे मांडले की, कंप्रतांचे हक्क सरकारने वाटण्याऐवजी खरेदी-विक्रीला मोकळे करावेत. मालक आपल्या मालमत्तेची काळजी घेईल. इतर अनेक पट्ट्यांबाबत हा विचार पुढे फलद्रूप झाला. पण सी. बी. चे सारे मोल तो कोणाच्याच मालकीचा नसण्यात आहे. वाटेत बर्फ पडले आहे असे अनोळखी चालकाला सांगण्यासाठी कोणी भाडे भरणार नाही. दुसरे उत्तर २००९ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे. सामाईक मालमत्ता वापरणारे लोक स्वतःच नियम करून ती राखू शकतात, असे त्यांनी दाखवून दिले. त्याचे उदाहरण या पट्ट्यावरच सापडते. ९ क्रमांकाचा चॅनेल १९७० पासून संकटातील मदतीसाठी राखीव आहे. ‘रिअ‍ॅक्ट’ या १९६२ पासूनच्या संघटनेचे स्वयंसेवक तेथे कान लावून बसत आणि गप्पिष्टांना दुसरीकडे पिटाळीत. हे जमले, कारण तेथे गप्पा मारून कोणाला लाभ नव्हता आणि लाज मात्र होती. पण अशा व्यवस्थेत माणसे एकमेकांना ओळखणारी लागतात. महामार्गावर टोपणनावाने बोलून ताशी साठ मैलांनी निघून जाणाऱ्याला शेजाऱ्याची लाज कशी वाटावी? शक्तीचा नियम म्हणून स्वयंसेवकांवर सोडता येत नाही.

मग सरकारने काय केले? २००० साली अमेरिकन काँग्रेसने राज्यांना आणि शहरांना अशा बेकायदा संचांविरुद्ध कारवाई करण्याचा अधिकार दिला. अधिकार कागदावर मोठा. पण ज्या पोलिसाला चोऱ्या आणि अपघात आवरत नाहीत तो वॅट मोजत कधी बसणार? उलट २०१५ साली कमिशनने आपल्या २४ क्षेत्रीय कचेऱ्यांपैकी ११ बंद करण्याचे ठरवले. गॅरी बेकर यांनी १९६८ साली मांडलेला हिशेब येथे तंतोतंत लागू पडतो: गुन्हेगार शिक्षेचा आकडा एकटा पाहत नाही, तो पकडले जाण्याच्या शक्यतेने तिला गुणतो. शक्यता शून्याजवळ असली की हजारो डॉलरचा दंडही शून्याजवळ येतो. त्याचा भुर्दंड पडतो तो नियम पाळणाऱ्यावर. चार वॅटवर राहणारा प्रामाणिक माणूस काही दिवस हाका मारतो, कोणाला ऐकू येत नाही, आणि एक तर तो पेटी विकत घेतो नाहीतर संच काढून माळ्यावर टाकतो.

उशिरा आणि अर्धवट शहाणपणाचे उदाहरण ब्रिटनचे आहे. तेथे सत्तरीच्या अखेरीस अमेरिकन बनावटीचे संच चोरून येत होते आणि त्यांमुळे त्याच पट्ट्यावर चालणारी खेळण्यातली विमाने भरकटत होती. सरकारने २ नोव्हेंबर १९८१ रोजी सी. बी. ला मान्यता दिली. परंतु निराळ्या कंप्रतांवर आणि निराळ्या एफ. एम. पद्धतीवर. ज्यांनी जुने संच घेतले होते ते बेकायदाच राहिले आणि त्यांची ए. एम. पद्धत मान्य व्हायला २०१४ साल उजाडले. भारताने २००५ साली या पट्ट्यातील ५ वॅटपर्यंतचे संच परवान्यातून मुक्त केले, ते एकदम आणि फारशा अटी न घालता. हे धोरण अधिक सरळ म्हणावे लागेल.

अमेरिकेतील वादाचा निकाल हवेत लागणार नाही. लाखो चालत्या वाहनांमागे धावण्याइतकी माणसे कोणत्याच कमिशनजवळ नसतात. विकणारे मात्र मोजके आहेत आणि ते जागचे हलत नाहीत. या पट्ट्यासाठी वापरता येतील अशा पेट्यांच्या उत्पादन-विक्रीवर १९७८ सालीच निर्बंध आले. तेव्हापासून शेजारच्या, हॅम संदेशकांच्या १० मीटर पट्ट्यासाठी म्हणून संच विकायचे आणि गिऱ्हाइकाने आतली एखादी तार कापली की ते सी. बी. वर चालायचे, अशी पळवाट रूढ झाली. महामार्गावरच्या ट्रकथांब्यावर असे संच उजळ माथ्याने मांडलेले असतात आणि तार कापून देणाराही तेथेच पलीकडे बसतो. कमिशनच्या उरलेल्या निरीक्षकांनी कान हवेकडे लावण्याआधी त्या काउंटरशी जाऊन उभे राहावे.