गावाचं आधार माझ्या फोनात

गडब गावात महामार्गालगत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, "दादा, व्हॉट्सअ‍ॅपला टाकलंय, प्रिंट मार." आधार, पॅन, पासबुक, सगळं माझ्या फोनात. दुकान बंद करताना मी ते पुसतो. पण पुसतो की नाही, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही! मे २०२२मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने गैरवापर होऊ शकतो म्हणून आधारची झेरॉक्स वाटू नका म्हटलं आणि दोनच दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं. लोकांनी समजायचं काय? शेवटचे चारच आकडे दाखवणारं ‘मास्क्ड’ आधार फुकट डाउनलोड होतं. चालेल तिथे तेच द्या. प्रिंट निघाली की समोर उभं राहून फाइल पुसायला लावा, मला राग येणार नाही. आणि फसवणुकीत पैसे गेलेच, तर लाजत बसू नका; लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०ला, फोन लावा.