कुजबुजीतला दवाखाना

‘अंगावरून पांढरं जातं’ हे वाक्य बाई दवाखान्यात बोलत नाही. बोलली तर नळावर, शेजारणीच्या कानात बोलते. राणी आणि अभय बंग या डॉक्टर दाम्पत्याने गडचिरोलीतल्या दोन गावांत साडेसहाशे बायका तपासल्या, तेव्हा 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 1989 मध्ये हे छापले आणि जग चपापले. पुरुषांची तऱ्हा निराळी. गरमी, परमा झाला की ते भिंतीवरची ‘गुप्तरोग’ची जाहिरात शोधतात, तंबूतल्या वैदूला पैसे मोजतात आणि आजार घेऊनच घरी परततात.

नळावरच्या त्या कानालाच शहाणे करावे, ही युक्ती आपल्या नगर जिल्ह्याला नवी नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दाम्पत्याने 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले. शिकलेल्या नर्सचे गावाशी जमेना, तेव्हा त्यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्य शिकवले. पुढे सांगलीत ‘संग्राम’ संस्थेने 1992 पासून हेच सूत्र वेश्यावस्तीत नेले. निरोध वाटणाऱ्या आणि गिऱ्हाइकाला ‘त्याशिवाय नाही’ म्हणायला शिकवणाऱ्या बायका त्याच वस्तीतल्या होत्या. त्यांनीच 1996 मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. नगरमध्ये 1989 पासून ‘स्नेहालय’ संस्था अशाच वस्तीतल्या बायका-मुलांसाठी झटते आहे.

आपल्याच वस्तीतल्या बायकांना शिकवणाऱ्या बाईला सरकारी भाषेत ‘पीअर एज्युकेटर’ म्हणतात. तिच्याकडे साधारण साठ जणींची जबाबदारी असते. दर तीन महिन्यांनी त्यांना तपासणीला न्यायचे, सिफिलिस आणि एचआयव्हीच्या चाचण्या करवून घ्यायच्या. सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये औषध फुकट मिळते, अवघड असते ते तिथवर पोचणे. गुप्तांगावर जखम असली की एचआयव्हीचा शिरकाव सोपा होतो आणि गरोदरपणी सिफिलिस राहिला तर तो बाळाला गाठतो, हे डॉक्टरने सांगितलेले घटकाभरात विसरते. मैत्रिणीने सांगितलेले राहते.

एवढ्या मोलाच्या कामाच्या मोबदल्याला सरकार पगार म्हणत नाही, मानधन म्हणते. जिच्या भरवशावर सगळा कार्यक्रम चालतो तिला कर्मचारी म्हणायला हरकत कसली? त्याहून मोठी खोट म्हणजे हे काम बहुतांशी बायकांपाशीच अडते. बायको गोळ्या घेते, नवरा घेत नाही आणि महिन्याभरात तोच आजार तिला परत देतो. ऊसतोड मजुरांत, मुकादमांत असा विश्वासाचा पुरुष घडवण्याचे फारसे कुणी मनावर घेत नाही.

पाथर्डी, शेवगाव आणि जामखेडमधून दरवर्षी ऊसतोडीचे कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, साखर कारखान्यांकडे निघतात. चार-सहा महिने पालात काढणाऱ्या बाईला जवळचा सरकारी दवाखाना कुठला हेही ठाऊक नसते. कारखाने, जिल्हा परिषद आणि जिल्हा रुग्णालय यांनी प्रत्येक टोळीतली एक बाई आणि एक पुरुष निवडून त्यांचे शिक्षण गाड्या भरण्याआधी, गावातच उरकले पाहिजे. यंदाचा गळीत हंगाम त्यासाठी योग्य मुहूर्त आहे.