रस्ता मोटारींसाठी, की माणसांसाठी?



अकोला-हिंगोली-नांदेड हा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग रुंद झाला. हळद मोंढ्यावर लवकर पोचते. रस्त्याला आपला विरोध नाही. प्रश्न एवढाच, की रस्ता आखताना मोजले कोणाला? मोटारी मोजल्या. डोक्यावर भारा घेतलेली बाई, सायकलवरचे पोर, बैलगाडी, काठी टेकत एसटीकडे निघालेला म्हातारा हिशेबात आलेच नाहीत.

देशात २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत ३२ हजार ८२५ पायी चालणारी होती. याला नशीब म्हणायचे नाही. गाडीचा वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. गावाजवळ वेग उतरलाच पाहिजे, आणि तो नुसत्या पाटीने उतरत नाही. 'हळू वाहा' अशी पाटी लावून शेतातले पाणी थांबते काय? बांधच घालावा लागतो. रस्त्याचेही तसेच.

शिवारातल्या वाटांची दैना वेगळीच. ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातल्या गुंजच्या मजूर बायांना नेणारा ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारातल्या विहिरीत गेला. सात जणी दगावल्या. वाटेकडेच्या विहिरीला कठडा आणि मजुरांना नीट बसून जाता येईल असे वाहन, या गोष्टी अंदाजपत्रकात क्वचितच दिसतात.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ आले. सुरक्षेची मानके न पाळता केलेल्या रस्त्यामुळे कोणी मेले वा अपंग झाले, तर जबाबदार यंत्रणेला, सल्लागाराला, कंत्राटदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होतो. पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले.

तेव्हा ग्रामसभेत ठराव घ्या. महामार्गावरच्या फाट्याला पलीकडे जायला सुरक्षित वाट आणि बैलगाडी-ट्रॅक्टरसाठी सेवारस्ता. गावातल्या रस्त्याला शाळेपुढे गतिरोधक आणि कडेने चार हात, म्हणजे १.८ मीटर, मोकळी पायवाट; अपंगाची तीनचाकी चढेल अशा उताराची. वाटेकडेच्या प्रत्येक विहिरीला कठडा.

ठराव संबंधित कार्यालयात द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला ठराव म्हणजे पावतीविना विकलेला माल. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने आपल्या फाट्याचा हाताने काढलेला नकाशा आणि ही पोच घेऊन यावे.